माझ्या मागे काही दिसू नये म्हणून

हिरव्या रंगाशी माझं सध्या बोलणं बंद आहे. भाजीवाला दारात मेथी घेऊन उभा राहिला, तर मी त्याच्याकडे बघून भाव करते, मेथीकडे बघत नाही. माझा नवरा पीयूष म्हणतो, रंगानं तुझं काय घोडं मारलं? काहीच नाही. मी स्वतः फिजिक्सची मास्तरीण आहे, रंगाची बाजू मला पाठ आहे. पण माणसाला कोणावर तरी रुसावंच लागतं. ज्यांच्यावर रुसता आलं असतं ते सगळे त्या दिवशी माझ्यासाठी हात वर करून उभे होते. अगदी खरोखर, हात वर करून. म्हणून रंगावर रुसले.

टीना आत्ताच झोपली आहे. ती झोपली की मला साधारण चाळीस मिनिटं मिळतात, शेजारच्या कुकरची शिट्टी आडवी आली तर वीस. तेवढ्यात लिहिते आहे.

एका ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपनीची जाहिरात निघाली होती. नववी-दहावीचं फिजिक्स, घरी बसून. मी पद्मनाभपुरातल्या एका शाळेत चार वर्षं शिकवलं होतं. मग टीना झाली. मग शाळा सुटली आणि मी घरी राहिले. कंपनीतून रोशनी नावाच्या मुलीचा फोन आला. आवाज गोड होता. "मैम, आपके रेज़्यूमे में एक गैप दिख रहा है." मी म्हटलं, हो, आहे. त्या गॅपला तेव्हा चार दात आले होते आणि तो माझी ओढणी चावत होता.

रोशनीनं सांगितलं, सात मिनिटांचा डेमो पाठवा, एका टेकमध्ये, उभं राहून, डोक्यापासून पायापर्यंत दिसलं पाहिजे, मुलांना म्हणे त्यानं एनर्जी येते. शेवटची तारीख अमुक रविवार, संध्याकाळी पाच. "और मैम, पीछे कुछ भी नहीं दिखना चाहिए."

फोन ठेवून मी हॉलमध्ये उभी राहिले आणि गोल फिरून पाहिलं. इथे छत्तीसगढात, रिसालीतलं आमचं घर वाईट नाही. पण त्यात कुठेही उभं राहा, मागे काहीतरी दिसतंच. एका भिंतीला देव आणि पीयूष काम करतो त्या स्टील प्लांटचं कॅलेंडर. दुसऱ्या भिंतीशी पीयूषचे सेफ्टी शूज, वर खुंटीला हेल्मेट. तिसरीकडे सासूबाईंचं शिलाई मशीन, आणि चौथीकडे दोरीवर टीनाची लंगोटं वाळत असतात, ती बारा महिने तेरा काळ. या घरात मला स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना मागे जागा होती.

तेव्हा मला ग्रीन स्क्रीनचा शोध लागला. मागे हिरवा कपडा लावायचा, मोबाईलमधलं ॲप हिरवं असेल तेवढं सगळं पुसून टाकतं आणि तिथे आपल्या आवडीचं चित्र बसवतं. फुकटच्या ॲपमध्ये तीन चित्रं होती: समुद्र, अंतराळ आणि पुस्तकांनी भरलेली लायब्ररी. मी लायब्ररीवर बोट ठेवलं आणि मला एकदम पूर्वीसारखं वाटलं. आपण शिकलेलो आहोत हे मधल्या वर्षात मी विसरत चालले होते.

सुपेल्याच्या बाजारात कपडेवाल्यानं तोता, मेहंदी, अंगूरी आणि काई असे चार हिरवे काढून दाखवले आणि विचारलं, पडदा की पेटीकोट? मी म्हटलं, लायब्ररी. त्यानं तोता, म्हणजे पोपटी रंगाचा कपडा कापायला घेतला आणि मी शेजारच्या बाबुलालजींच्या सल्ल्यानुसार लागतो त्यापेक्षा एक मीटर जास्त घेतला. बाबुलालजी प्लांटमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेले, मूळचे गोंदियाकडचे, आणि त्यांचं सगळ्याच बाबतीत म्हणणं असतं की जिथे पाच लागते तिथे सहा घ्याचं, बेटा, मटेरियल शॉर्ट पडलं तं सारी शिफ्ट वाया जाते.

तो सहावा मीटर लक्षात ठेवा. मी नाही ठेवला.

सासूबाईंनी, म्हणजे सिंधुताईंनी, दोन पट्टे मशीनवर जोडून दिले. कपडा कॅलेंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत लटकवला आणि पुढे जमिनीवर अंथरला. देव त्याच्यामागे गेले.

"हे काय लावून राहिली तू भिताडाले?" त्या म्हणाल्या. "देवाले कावून झाकलं?"

"आई, सात मिनिटांचाच प्रश्न आहे."

"सात मिनिटं म्हणते, आन् चिमटे तं वर्षाचे लावून राहिली."

कपड्याच्या मोहिमेत पुढे काय काय होतं हे कोणत्याच व्हिडिओत नीट सांगत नाहीत. ते हसतमुख तरुण म्हणतात, कपड्यावर उजेड फक्त एकसारखा पडला पाहिजे. फक्त! उजेड एकसारखा पडणं ही सूर्यालाही न जमलेली गोष्ट आहे, त्याच्यामुळेच तर ऋतू होतात. जिथे सावली पडेल तिथे ॲपला हिरवा हा हिरवा वाटत नाही आणि लायब्ररीला भोक पडतं. माझ्या पहिल्या व्हिडिओत पुस्तकांच्या कपाटाला मधोमध एक मोठं भोक होतं आणि त्यातून प्लांटच्या कॅलेंडरचा नोव्हेंबर महिना दिसत होता, कारण तिथला कपडा वाऱ्यानं उडाला होता.

शिवाय मी कपड्याला खेटून उभी होते. त्याचा हिरवा उजेड माझ्या गालांवर येत होता. पीयूष ड्युटीवरून आला, फोनमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "पत्तागोबी दिसून राहिली तू." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "फ्रेश वाली."

पडद्यापासून पाच पावलं पुढे यायचं, पडद्याचा उजेड वेगळा आणि माणसाचा वेगळा, हे मी त्या दिवशी शिकले. म्हणजे दिवे दुप्पट लागणार. बाजारात स्टँडवाले दिवे मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मी दुकानातून मिक्सर पाहायला आलेल्या बाईसारखी सहज बाहेर पडले. घरी जे होतं ते जमवलं. सासूबाईंची पोळ्यांची परात उजेड परतवायला. दुधाचा मोठा गंज, त्याच्या तोंडात बल्ब टांगला की झाला दिवा, फक्त दूध तापवायच्या वेळी शूटिंग बंद. टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल. पोळ्या गुंडाळायचा बटर पेपर दिव्यावर लावला की उजेड मऊ होतो. स्वयंपाकघर हळूहळू हॉलमध्ये आलं. आमच्याकडे त्या आठवड्यात ताटातल्या पोळ्यांचा आकार लहान झाला, कारण पिठाचा गोळा मळायला उरली होती ती फक्त टीनाची खेळण्यातली परात.

बाबुलालजी रोज संध्याकाळी येऊन उजेडाची पाहणी करत. एका डोळ्यानं. दुसरा बंद करून.

"डावीकडं मरून राहिला, बेटा. डावीकडं लाईट मरून राहिला."

"काका, डावीकडे खिडकी आहे."

"खिडकीचा भरोसा नको ठेवू. सूर्य काय आपल्या शिफ्टचा आहे का?"

त्यांनी खिडकी बंद करायला लावली आणि आपल्या घरची ट्यूबलाईट काढून आणली. त्यांच्या घरी काकू तीन दिवस मेणबत्तीत भाजी निवडत होत्या असं नंतर कळलं.

आणि मग बांगड्या. शुक्रवारी सगळं जमल्यासारखं वाटलं तेव्हा सासूबाई डबा उघडून हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. शुभकामाला निघालेल्या सुनेच्या हातात हिरवा चुडा नाही हे त्यांना बघवत नव्हतं. "परीक्षाच हाये नं तुही? घाल. हिरव्यानं कोणाचं वाईट नाही झालं आजपर्यंत." मी घातल्या. त्या व्हिडिओत माझे दोन्ही पंजे मनगटापासून तुटून लायब्ररीत आपापलं फिरत होते. सासूबाईंनी तो व्हिडिओ पाहिला, पदर तोंडाला लावला, आणि बांगड्या काढताना माझे हात दोनदा चाचपून पाहिले.

तेव्हा मला सगळं माहीत होतं हे लक्षात घ्या. हिरवं जे असेल ते जातं. मी ते त्यांना समजावून सांगितलं. घरात त्या दिवशी हिरवी कोथिंबीरसुद्धा कोणी पडद्याजवळून नेली नाही.

शनिवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी शालिकरामजी आले. हे प्लांटच्या सेफ्टी खात्यातून रिटायर झाले, पण खातं त्यांच्यातून अजून रिटायर झालेलं नाही. आमच्या गल्लीत पाण्याची टाकी धुवायची असली तरी शिट्टी वाजते, दोरी बांधली जाते आणि एक माणूस काही न करता उभा राहतो. त्याला ते स्टँडबाय म्हणतात. शालिकरामजींनी माझ्या वायरी पाहिल्या. एका बोर्डातून तीन, त्यातल्या एकीतून आणखी दोन.

"मॅडम, परमिट कुठाय?"

"कसलं परमिट?"

"वर्क परमिट. एवढा टेम्पररी लोड. खाली कपडा, वर हीट, बाजूले लहान लेकरू. बिना परमिट मी प्लांटमधी पंखा नाही पुसू देल्ला कोणाले."

"काका, हे घर आहे माझं."

"अपघात घरातच होते, मॅडम."

मी अर्ज लिहिला. कामाचं स्वरूप: उजेड. त्यांनी परत केला. उजेड हे काम नाही, परिणाम आहे म्हणाले. मी लिहिलं: सात मिनिटे शिकवणे. मग त्यांनी कार्बन पेपर घालून तीन प्रतींत परमिट भरलं, धोक्याच्या रकान्यात 'कपडा' आणि त्याखाली 'बच्ची' असं लिहिलं, आणि वाळूची बादली सांगितली. अटी चार: काम चालू असताना कोणी हलणार नाही, कोणी बोलणार नाही, स्टँडबाय म्हणून ते स्वतः हजर राहतील, काम संपल्यावर परमिट बंद करून सही. या सोपस्कारात दुपार झाली, आणि परमिटवर माझी सही होते न होते तोच विजेची लाईन गेली. ती संध्याकाळी आली तेव्हा टीना रडत होती आणि माझा आवाज बसला होता.

म्हणजे उरला रविवार. पाच वाजता मुदत संपणार होती. आणि पीयूषला फर्स्ट शिफ्ट, तो दोननंतर येणार.

रविवारी सकाळी अकराला माझी फौज जमली. स्टँड नव्हतेच, माणसं होती. बाबुलालजी डावीकडे ट्यूबलाईट आडवी धरून. सासूबाई उजवीकडे परात धरून, दोन्ही हातांनी, सूर्याला अर्घ्य दिल्यासारखी. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मैनाबाई थर्माकोल डोक्यावर घेऊन. आणि दाराशी शालिकरामजी, एका हातात वाळूची बादली, दुसऱ्यात गंजवाला बल्ब, कारण नुसतं उभं राहणं त्यांनाही शेवटी बरं दिसेना.

"बहू, कतका बेर ठाढ़े रहिबो?" मैनाबाईंनी विचारलं. किती वेळ उभं राहायचं?

"सात मिनिटं, मैनाबाई. कोणी हलायचं नाही. कोणी बोलायचं नाही. शिंक आली तर गिळायची. फोन टुंग वाजेपर्यंत एक शब्द नाही. आणि मी मागे पाहणार नाही, मी मान वळवली की ॲप माझं नाक खातं."

"आन् टीना?" सासूबाई म्हणाल्या.

टीनाला मी बाजूच्या चटईवर बसवलं. हातात राजगिऱ्याचा लाडू दिला. ती तेव्हा भिंतीला धरून उभी राहायची, हात सोडला की बसायची. तिच्या पायांतले वाळे मात्र मी स्वतः काढले. चांदीचे, आत घुंगरू असलेले. ती जराही हलली तर छुमछुम रेकॉर्ड झाली असती. काढताना तिनं पाय आखडला, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सात मिनिटं, माझी राणी.

"पाह्य तं खरी कशी दिसून राहिली लेक," सासूबाई म्हणाल्या. "नवा फ्राक शिवला तिले. आज तुहा मोठा दिवस, म्हणून आजच घातला."

"छान आहे," मी म्हटलं. मी फोनचा कोन बघत होते.

डेमोसाठी मी विषय घेतला होता, वस्तू रंगीत का दिसतात. बटण दाबलं. समोर फोनच्या मागे चार माणसं, चार दिवे. आणि काय सांगू, उजेड असा पडला होता जसा तीन आठवड्यांत पडला नव्हता. फोनच्या पडद्यावर लहानशा चौकटीत मी दिसत होते, मागे कपाटंच कपाटं, कुठे भोक नाही, कुठे नोव्हेंबर नाही. बसलेला आवाजसुद्धा सुटला. मी त्या चौकटीचा नाद सोडून समोरच्या चौघांकडे बघत बोलायला लागले आणि मला आठवलं की मला हे येतं. किती बरं येतं.

तिसऱ्या मिनिटानंतर माझ्या श्रोत्यांत बदल दिसायला लागला. आधी मैनाबाईंचं तोंड उघडलं. मग बाबुलालजींनी बंद ठेवलेला डोळा उघडला. सासूबाई हनुवटीनं, भुवयांनी काहीतरी दाखवत होत्या. मला वाटलं, परात जड झाली. मी डोळ्यांनीच म्हटलं, थोडं थांबा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शालिकरामजींनी तर वाळूची बादली खाली ठेवली, म्हणजे स्वतःच्याच परमिटचा भंग केला. चौघंही माझ्याकडे, माझ्या थोडं मागे, अशा चेहऱ्यांनी बघत होते की माझा ऊर भरून आला. चार वर्षं शाळेत शिकवलं, पण प्रकाशाचं शोषण ऐकून कोणाला रडताना पाहिलं नव्हतं. त्या जोरावर मी अशी काही बोलले! "हिरवी वस्तू हिरवाच उजेड परत पाठवते, मुलांनो. म्हणून ती आपल्याला दिसते." ओढणी कुठेतरी अडकली, मी ती हलकेच सोडवली, थांबले नाही.

सात मिनिटं झाली. टुंग.

मैनाबाईंनी थर्माकोल खाली टाकलं.

"नोनी रेंगिस ओ, बहू! नोनी रेंगिस!"

छत्तीसगढीत नोनी म्हणजे पोरगी आणि रेंगणं म्हणजे चालणं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी विचारलं, "काय?"

"अवं, टीना चालली!" सासूबाई परात घेऊनच पुढे आल्या. "तुह्या मागून चालली. भिताड नाही, काही नाही. एकटी! तुले किती खुणावून राहिली मी!"

मी मागे वळले. टीना हिरव्या कपड्यावर मधोमध बसली होती. लाडू संपला होता. ती माझ्याकडे बघून हसली, आणि तेव्हा मी पहिल्यांदा तिचा फ्रॉक पाहिला. तोता रंग. उरलेल्या सहाव्या मीटरचा. मनगटापर्यंत फुग्याच्या बाह्या, घोट्यापर्यंत घेर, कमरेला झालर, बारीक टाका. "कपडा उरला होता, फेकाचा का?" असं सासूबाई नंतर म्हणाल्या, आणि बांगड्या मी तुझ्या काढल्या पण लेकराला थोडीच परीक्षा द्यायची होती, हेही म्हणाल्या. यात त्यांचं काय चुकलं? त्यांना मी सांगितलं होतं की डेमो माझा आहे.

"तुम्ही कोणी बोलला का नाहीत?" मी म्हटलं.

"तूच म्हटलं नं, बेटा," बाबुलालजी म्हणाले. ते अजून ट्यूबलाईट धरूनच उभे होते. "म्हटलं, लेकीची सारी मेहनत वाया जाईन. पाच पावलं चालली."

"सात," सासूबाई.

"सहा," शालिकरामजी म्हणाले. मोजून. मग माझा चेहरा पाहून त्यांनी घसा साफ केला. "मॅडम, टेन्शन कायले घेता? रेकॉर्डिंग चालू होतं न?"

हो की! मी फोनवर झडपच घातली. पाच डोकी त्या लहानशा पडद्यावर वाकली. मी बोलते आहे, मागे लायब्ररी. आणि तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर उजव्या कपाटाजवळून एक डोकं निघालं. दोन शेंड्यांचं. त्याच्याखाली काही नाही. मग बरंच खाली, कपाटाच्या पायथ्याशी, दोन उघडी पावलं. मधे, हवेत, दोन मुठी, एकीत राजगिऱ्याचा लाडू. डोकं, मुठी आणि पावलं अशी आपापली, पण एकमेकांच्या ओळखीची, पुस्तकांसमोरून डुलत डुलत निघाली होती.

मैनाबाई आधी हसल्या. मग सगळेच हसले. मीही हसले, मला आठवतं. मग मी म्हटलं, मूळ व्हिडिओ असेल, त्यात फ्रॉक दिसेल. फुकटच्या ॲपमध्ये मूळ व्हिडिओ राहत नाही. ते पुसलेलंच ठेवतं.

कुठे जरा सावली असती, तर ॲपला झालर दिसली असती. डावीकडे लाईट मेला असता, तर एखादी बाही उरली असती. पण त्या दिवशी माझा उजेड अगदी एकसारखा पडला होता.

पीयूष अडीचला आला. सासूबाईंनी दारातच सांगितलं. त्यानं शूजही काढले नाहीत. "दाखव, दाखव!" मी दाखवला. तो हसायला लागला, मग थांबला, मग म्हणाला, "पुन्हा लाव." त्यानं चार वेळा पाहिला आणि टीनासमोर गुडघ्यावर बसला. "ये, बेटा. पापाजवळ ये."

खरं तर मला नवा डेमो करता आला असता. वेळ होता, दिवे होते. बाबुलालजी निरोप पाठवून राहिले होते, कधी उभं राहाचं? पण तीनपासून पावणेपाचपर्यंत आम्ही तिघं हॉलमध्ये जमिनीवर बसून होतो. पांढऱ्या भिंतीसमोर. टीनाला लाल फ्रॉक घालून. लाडू दाखवला, मोबाईल दाखवला, पीयूषचं हेल्मेट दाखवलं. टीना बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होती. तिचा कार्यक्रम सकाळीच झाला होता.

पाचला चार मिनिटं कमी असताना मी तोच व्हिडिओ पाठवून दिला.

दहा दिवसांनी रोशनीचा मेल आला. विषयाची मांडणी आवडली. प्रकाशयोजना व्यावसायिक दर्जाची आहे, असं लिहिलं होतं. बाबुलालजींनी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. मात्र, मेल पुढे म्हणत होता, पार्श्वभूमीत विषयाशी संबंध नसलेलं ॲनिमेशन वापरल्यामुळे विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होतं. सबब या वेळी निवड करता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा.

ॲनिमेशन! मी उत्तर लिहायला बसले होते, की बाई, ते ॲनिमेशन अकरा महिन्यांचं आहे आणि त्याच्यासाठीच मी घरून शिकवणार होते. नाही पाठवलं. टीना उठली.

ती पुन्हा चालली ती डेमोनंतरच्याच मंगळवारी, मी दुधासमोर उभी असताना, ओट्यापासून दारापर्यंत. या वेळी मी वळले. दूध सगळं गेलं, गंज जळला, सासूबाई बोलल्या. मी पाहत राहिले. पण ती दुसरी वेळ होती.

शालिकरामजी परमिट बंद करायला आले तेव्हा मला सही करायला सांगून त्यांनी कार्बनची प्रत माझ्या हातात दिली. शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्या सुबक सेफ्टीखात्याच्या अक्षरांत लिहिलं होतं: '११.४२. बच्ची चली. ६ कदम. कोई दुर्घटना नहीं.' ती प्रत मी टीनाच्या जन्माच्या दाखल्यासोबत ठेवली आहे. तिच्या पहिल्या पावलाचा तेवढाच एक धड पुरावा.

फ्रॉक आता तिला काखेत दाटतो. पडद्याचे सासूबाईंनी उशांचे अभ्रे केले. व्हिडिओ मात्र फोनमध्ये आहे, आणि दुपारी ही झोपली की मी कधीकधी तो लावते. आवाज बंद करून. माझं फिजिक्स ऐकायचं नसतं मला.

चार मिनिटं बारा सेकंदांना त्या दोन मुठींतली रिकामी मूठ माझ्यापर्यंत पोचते. ओढणी ताणली जाते. व्हिडिओतली मी बोलणं न थांबवता, मागे न बघता, एक हात मागे नेते आणि ओढणी सोडवून घेते. मला तो ताण चांगला आठवतो. मला वाटलं होतं, पडद्याचा चिमटा लागला.

मग पुस्तकांच्या कपाटासमोरचं ते दोन शेंड्यांचं डोकं हळूच खाली बसतं, आणि मी कॅमेऱ्याकडे बघून हसते.